शाल, श्रीफळ आणि हिशेब

निरोप समारंभाचा आपल्याकडे एक ठरलेला रिवाज आहे. मधोमध सत्कारमूर्तीची खुर्ची, खांद्यावर शाल, हातात श्रीफळ, समोर विद्यार्थी किंवा सहकारी, आणि मग एकामागून एक भाषणे. 'सरांनी संस्थेसाठी आयुष्य वेचले', 'बाईंचे ऋण आम्हाला कधीच फेडता येणार नाही'. आमच्या आदिलाबादेत ही वाक्ये मराठीतही ऐकू येतात आणि तेलुगूतही; भाव एकच असतो आणि तो बहुधा खराही असतो. या रिवाजाला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. मात्र न फेडता येणाऱ्या ऋणाबद्दल इतके बोलले जात असताना एका फेडता येण्याजोग्या ऋणाबद्दल व्यासपीठावरून कोणी चकार शब्द काढत नाही. त्या ऋणाचा आकडा कागदावर मांडता येतो, ते फेडण्याची मुदत ठरलेली असते आणि मुदत टळली तर त्यावर व्याजही चढते. इंग्रजीत त्याला ग्रॅच्युइटी म्हणतात. सरकारी मराठीत त्याचे नाव उपदान.

खाजगी शाळेतील शिक्षिका, जिनिंगमधील कामगार, दुकानातील मुनीम, दवाखान्यातील परिचारिका यांना नोकरी सुटताना हे उपदान मिळेलच याची खात्री नसते, आणि मागायचे तर संकोच वाटतो. हा संकोच का वाटावा? आपलेच पैसे मागताना माणसाची मान खाली का जावी? मला वाटते, याचे मूळ आपल्या मनातील एका गोंधळात आहे. उपदान ही मालकाची कृपा आहे की मालकावरचे देणे आहे, हे आपण मनाशी नीट ठरवलेलेच नाही.

गोंधळाची सुरुवात शब्दापासूनच होते. 'ग्रॅच्युइटी' हा शब्द लॅटिनमधील कृपा, प्रसन्नता या अर्थाच्या शब्दापासून निघाला. फुकट या अर्थाचा 'ग्रॅटिस' हा त्याचाच सख्खा भाऊ. आपण भाषांतर केले तेव्हा त्यात पुन्हा 'दान' आणून बसवले. जुन्या हैदराबाद संस्थानात निवृत्तिवेतनाला 'वजीफा' म्हणत आणि निवृत्त माणसाला 'वजीफायाब'; त्या शब्दालाही सरकारी मेहेरबानीचा वास होताच. रोजच्या मोबदल्याचे शब्द मात्र वेगळ्या जातीचे आहेत. आपला 'पगार' पोर्तुगीजांकडून आला आणि त्याचा मूळ अर्थ 'चुकते करणे' एवढाच. आपले तेलुगू शेजारी पगाराला 'जीतम्' म्हणतात, आणि जुने कोशकार हा शब्द 'जीवित' या संस्कृत शब्दाचा तद्भव मानतात. म्हणजे महिन्याच्या शेवटी जे हातात पडते ते माणसाच्या जगण्याचेच रूप आहे, असे ती भाषा सांगते. महिन्याचे ते जीवित आणि वीस वर्षांच्या शेवटचे तेवढे दान, हा भेद कोणत्या न्यायाने करायचा?

आपल्या परंपरेला विचारले तरी ती हा भेद मान्य करील असे वाटत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाचे लक्षण सांगितले आहे. ज्याने आपल्यावर उपकार केलेला नाही, ज्याच्याकडून परतफेडीची आशा नाही, अशाला योग्य देशी, योग्य काळी जे दिले जाते ते सात्त्विक दान. ही कसोटी लावून पाहा. ज्याने वीस वर्षे आपले दुकान उघडले आणि बंद केले, आपल्या मुलांना बाराखडी शिकवली, त्याला 'उपकार न केलेला' कसे म्हणायचे? त्याला जे द्यायचे ते दानाच्या व्याख्येत बसतच नाही. ते ऋणाच्या खात्यात जाते. मनुस्मृतीने व्यवहाराची, म्हणजे आजच्या भाषेत दाव्यांची, अठरा पदे सांगितली आहेत. त्यांपैकी एक पद ठरलेले वेतन न देण्याचे आहे. शुक्रनीती त्याहून पुढे जाते. त्या ग्रंथाच्या काळाबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. पण चाळीस वर्षे सेवा केलेल्याला पुढे सेवेवाचून अर्धे वेतन द्यावे, असे त्यात सांगितले आहे. मजुराचा घाम वाळण्यापूर्वी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण तर आपल्या भागातील कुठलाही मौलवी सांगेल. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या. पण कष्टाचा मोबदला हे देणे आहे, याबद्दल सगळ्यांचे एकमत दिसते.

आधुनिक न्यायालयात हा प्रश्न फार पूर्वी आला आणि त्याचा निकाल एका मराठी न्यायमूर्तींच्या लेखणीतून उतरला, ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. मुंबईच्या 'गारमेंट क्लीनिंग वर्क्स' या आस्थापनेच्या कामगारांचा तंटा १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे होता. कामगाराला गैरवर्तनाबद्दल काढून टाकले, तर त्याचे सारे उपदान बुडावे काय, असा मुद्दा होता. न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी दिलेल्या निर्णयाचा आशय असा, की उपदान हे फुकटचे किंवा वरदान म्हणून दिले जात नाही. ते केलेल्या सेवेबद्दल दिले जाते. एकदा कमावलेली गोष्ट सरसकट हिरावून घेता येणार नाही. मालकाचे जे नुकसान झाले असेल ते फार तर वळते करून घ्यावे. मला हा विचार मोठा वाटतो. उपदान जर चांगल्या वागणुकीचे बक्षीस असेल, तर शेवटच्या दिवशीची एक चूक पंचवीस वर्षे पुसून टाकू शकते. ते जर कमाई असेल, तर चुकीची किंमत चुकीएवढीच राहते.

केरळने १९७० मध्ये आणि पश्चिम बंगालने १९७१ मध्ये याबाबत कायदे केले. १९७२ मध्ये संसदेने सबंध देशासाठी उपदान प्रदान कायदा केला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पण मूळ हिशेब तोच आहे आणि तो सातवीच्या मुलालाही जमेल. शेवटचा मासिक पगार घ्यावा, त्याला २६ ने भागावे, कारण चार साप्ताहिक सुट्या वजा जाता महिन्याचे कामाचे दिवस २६ धरले आहेत. आलेल्या रोजाला १५ ने गुणावे आणि मग सेवेच्या वर्षांनी. शेवटच्या वर्षाचे सहा महिन्यांहून अधिक दिवस भरले असतील तर ते पूर्ण वर्ष धरतात. समजा, एका शिक्षिकेचा पगार १२,००० रुपये आहे आणि तिची सेवा १४ वर्षे ७ महिने झाली. ती १५ वर्षे धरून तिचे उपदान १,०३,८४६ रुपये होते. रक्कम देय झाल्यापासून ३० दिवसांत ती द्यायची असते. हिशेब करणे हे मालकाचे काम आहे. नोकराने अर्ज केला नाही म्हणून ते टळत नाही. पगार म्हणजे येथे मूळ वेतन आणि महागाई भत्ता. मूळ वेतन मुद्दाम बारीक ठेवून बाकी सारे भत्त्यांत दाखवायची युक्ती काही ठिकाणी चाले. नव्या संहितेनुसार वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले, तर वरचा भाग पगारातच मोजायचा आहे.

आता माझ्या स्वतःच्या पेशाकडे वळतो, कारण या प्रश्नातील खरी नैतिक गुंतागुंत तिथेच दिसते. केंद्र सरकारने ३ एप्रिल १९९७ च्या अधिसूचनेने दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या शिक्षणसंस्थांना हा कायदा लागू केला. तरीही जानेवारी २००४ मध्ये, अहमदाबादच्या खाजगी प्राथमिक शिक्षक संघटनेच्या प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयाला असे म्हणावे लागले की शिक्षक या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही. व्याख्येत कुशल, अर्धकुशल, अकुशल, अंगमेहनतीचे, देखरेखीचे, तांत्रिक आणि कारकुनी काम होते. शिकवणे यांपैकी कशातच मोडत नव्हते. न्यायालयाने शिक्षकांचा अनादर केला नाही. उलट, कायदेमंडळाने त्यांचा विचार करावा असेही सुचवले. पण परिणाम असा झाला, की शाळेतील कारकून त्या व्याख्येत बसत होता आणि त्याच शाळेत तीस वर्षे गणित शिकवणारा शिक्षक बसत नव्हता. संसदेने २००९ मध्ये व्याख्या बदलली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासूनच लागू केली. खाजगी शाळांच्या संघटनांनी त्याला आव्हान दिले. २९ ऑगस्ट २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते फेटाळले आणि शिक्षकांचे देणे सहा आठवड्यांत व्याजासह देण्यास सांगितले.

या साऱ्या वादाच्या पाठीमागे समाजात रुजलेली एक समजूत उभी आहे. शिकवणे हे पवित्र कार्य. त्याला कामाचे माप कसे लावायचे, अशी ती समजूत. ऐकायला ती गोड आहे. तत्त्वज्ञ कांट यांनी १७८५ मध्ये लिहिलेल्या नीतिशास्त्राच्या ग्रंथात किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला आहे. ज्याला किंमत असते त्याच्या जागी तेवढ्याच किमतीचे दुसरे काही ठेवता येते. ज्याला प्रतिष्ठा असते त्याच्या जागी काहीच ठेवता येत नाही. माणसाला प्रतिष्ठा आहे, हे खरेच. पण त्या माणसाने दिलेल्या वेळेला आणि श्रमाला किंमतही आहे. प्रतिष्ठेचे नाव पुढे करून किंमत बुडवणे म्हणजे 'तुम्ही अनमोल आहात, तेव्हा मोल कशाला?' असे म्हणण्यासारखे आहे. ज्याला आपण खरोखर पूज्य मानतो त्याचे पैसे तर आधी चुकते व्हायला हवेत.

संस्थाचालकांचीही एक बाजू आहे आणि ती ऐकून घेतली पाहिजे. तालुक्याच्या गावी कमी शुल्कात चालणारी शाळा, शुल्काची थकबाकी, इमारतीचे कर्ज. अशा वेळी एकाएकी लाखाची रक्कम कुठून आणायची? अडचण खरी आहे, पण ती एकाएकी आलेली नसते. वर्षाला पंधरा दिवसांचा रोज म्हणजे दरमहा शंभर रुपये पगारामागे ४ रुपये ८१ पैसे. पगार वाढत जातो आणि हिशेब शेवटच्या पगारावर होतो, म्हणून थोडे अधिक धरावे. एवढी रक्कम दरमहा बाजूला काढली, किंवा आयुर्विमा महामंडळाच्या समूह उपदान योजनेसारख्या योजनेत भरली, तर पंधरा वर्षांनी कोणालाच धाप लागणार नाही. बाजूला न काढलेले ते पैसे पंधरा वर्षे कुठे होते? ते इमारतीच्या विटांत होते, नव्या बसच्या हप्त्यात होते. म्हणजे त्या शिक्षिकेने संस्थेला बिनव्याजी कर्ज दिले होते. कर्ज परत करताना सावकाराला शाल पांघरून कोणी 'आता हिशेब नको' म्हणत नाही.

आदिलाबादचा बाजार कापसावर चालतो. दिवाळीच्या सुमारास गाड्या येऊ लागतात आणि जिनिंगची यंत्रे सुरू होतात. हंगाम संपला की शांतता. अशा हंगामी आस्थापनेत जो वर्षभर कामाला नसतो, त्याला कायद्याने दर हंगामामागे सात दिवसांचा रोज ठेवला आहे. रक्कम लहान दिसते, पण तिच्यामागचे तत्त्व लहान नाही. तीनचार महिन्यांनी घरी जाणारा माणूसही पुढच्या हंगामात परत येतो तेव्हा तो नवा नसतो. त्याचा अनुभव आणि त्याचे झिजणे दोन्ही साठत असते. गोची होते ती हजेरीपटावर. नाव मुकादमाच्या वहीत असते, कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ज्याची हजेरीच नाही त्याची सेवा मोजायची कशी? ज्याला पुढे देणे टाळायचे असते, तो सुरुवातीलाच माणसाचे नाव कागदावर येऊ देत नाही.

कारखाना बंद पडला तर? पूर्वीच्या अखंड आदिलाबाद जिल्ह्यातील कागजनगरने हे पाहिले आहे. १९३८ मध्ये स्थापन झालेली सिरपूर पेपर मिल २०१४ मध्ये बंद पडली आणि जेके पेपरने २०१८ मध्ये घेतल्यावर पुन्हा उभी राहिली. मधल्या चार वर्षांत एका सबंध गावाचा श्वास अडकला होता. अशा प्रसंगी धनको दाराशी रांग लावतात. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेने एक गोष्ट स्पष्ट केली आहे. कारखाना अवसायनात निघाला, तर भविष्य निर्वाह निधी, निवृत्तिवेतन निधी आणि उपदान निधी यांतून कामगारांना द्यायच्या रकमा विकायच्या मालमत्तेत धरायच्या नाहीत. मालक बुडाला तरी ते पैसे त्याच्याबरोबर बुडू नयेत, कारण ते त्याचे नव्हतेच. दानाला हा नियम कधी लागू झाला असता काय? हा ठेवीचा नियम आहे.

हक्क म्हटला की कर्तव्य आलेच, आणि ते सांगितले नाही तर एका मुख्याध्यापकाचा लेख अपुरा राहील. सेवेबद्दल उपदान मिळते, तर सेवा खरी असली पाहिजे. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे दोन प्रकारची प्रकरणे एकत्र आली. एका कोळसा कंपनीतील नोकराने जन्मतारखेचा खोटा दाखला देऊन नोकरी मिळवली होती. महाराष्ट्राच्या एस.टी. महामंडळातील काही कंडक्टरांनी तिकिटांच्या पैशांत किरकोळ अपहार केला होता. पहिल्याचे सारे उपदान जप्त झाले ते न्यायालयाने कायम ठेवले. नोकरीचा पायाच खोटा होता. कंडक्टरांचे मात्र चौथ्या हिश्शापुरतेच कापावे असे सांगितले. गजेंद्रगडकरांनी १९६१ मध्ये मांडलेले तारतम्य इथेही दिसते. शिक्षा करावी, पण तराजू हातातून सोडू नये.

एवढे झाले तरी कायद्याच्या कुंपणाबाहेर पुष्कळ माणसे उरतात. कायदा दहा माणसांपासून सुरू होतो. ज्या दुकानात चारच माणसे आहेत तिथे तो पोहोचत नाही. साधारणपणे पाच वर्षांची सलग सेवा लागते. मृत्यू किंवा अपंगत्व आले तर ती अट नाही, आणि आता ठरावीक मुदतीच्या कराराची मुदत संपली तरी नाही. पण चार वर्षे अकरा महिन्यांनी 'उद्यापासून येऊ नका' असे सांगणारे महाभाग आहेतच. आणि गुढीपाडव्याला, म्हणजे आपल्या शेजाऱ्यांच्या उगादीला, सालाची बोली करणारा सालगडी तर कुठल्याच हिशेबात नाही. आपल्या भागात असे कितीतरी शेतकरी आहेत की जे थकलेला बैल विकत नाहीत. 'त्याने आमची जमीन कसली' म्हणून मरेपर्यंत त्याला दावणीला चारा घालतात. पोळ्याला त्याच्याही शिंगांना रंग लागतो. हे करायला त्यांना कोणत्या कायद्याने सांगितले? तोच शेतकरी वीस सालांनंतर सालगड्याला काय देऊन पाठवतो, हा प्रश्न मी कोणाला टोचण्यासाठी विचारत नाही. पण जी जाणीव दावणीपाशी जागी असते, ती ओसरीवर का झोपते, याचा विचार व्हावा.

कोणी म्हणेल, इतका काटेकोर हिशेब केला तर मालक आणि नोकर यांच्यातला जिव्हाळा उरेल काय? मला उलटे वाटते. देणे थकलेले असताना दाखवलेल्या जिव्हाळ्यावर समोरच्याचा विश्वास बसत नाही, आणि घेणाऱ्यालाही मोकळेपणाने कृतज्ञ होता येत नाही. त्याच्या नमस्कारात याचना मिसळते. हिशेब चुकता झाला की दोघेही मोकळे होतात. मग जे प्रेम उरते ते खरे प्रेम, आणि मग शालीचीही ऊब लागते.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या जिल्ह्यात आणखी एक अडचण असते. घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि नेमणुकीचा कागद इंग्रजीत. मुलगी खाजगी शाळेत लागली की आपण पेढे वाटतो, पण तो कागद वाचत नाही. तो वाचून घ्यावा, जपून ठेवावा. पगाराच्या पावत्या, बँकेचे पासबुक, हजेरीचा पुरावा एका फाइलीत ठेवावा. वारसाचे नाव नोंदवले आहे की नाही ते विचारावे. उन्हाळ्याच्या सुटीत 'राजीनामा द्या, जूनमध्ये पुन्हा घेऊ' असे सांगितले तर सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. नोकराचा दोष नसताना काम थांबले तर सेवा तुटली असे कायदा मानत नाही, पण स्वतःच्या सहीचा राजीनामा मात्र वाद उभा करतो. देणे अडले तर कामगार खात्यातील अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पैनगंगेच्या अलीकडे आणि पलीकडे हा कायदा एकच आहे.

आणि हा अंक हाती घेतलेल्या ज्या वाचकांकडे स्वतःचे दुकान, शेती किंवा संस्था आहे, त्यांच्यासाठी लक्ष्मीपूजनाचा दिवस जवळच आहे. नव्या वहीवर कुंकवाचे स्वस्तिक काढले जाईल, शुभ-लाभ लिहिले जाईल. त्या वहीत एक पान आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाच्या नावाने उघडावे, मग तो एकटाच असो की नववा. वरती त्याचे नाव, कामाला लागल्याची तारीख, आणि खाली सरत्या वर्षाचा पंधरा दिवसांचा रोज जमा.